हूड नवं, तरी कार्पेट ओलं: सॉफ्ट-टॉप गाडीत पाणी येत असेल तर

दर जूनमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. गेल्या पावसाळ्यात गाडीत पाणी आलं म्हणून नवं हूड, म्हणजे कापडी छत, शिवून घेतलं, दारांचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, बदललं, कोणीतरी सांगितलं म्हणून कडेकडेनं काळं सिलिकॉन भरलं, आणि मृगाच्या पहिल्या दोन दणक्यांत कार्पेट पुन्हा भिजलं. मालक वैतागलेला असतो. सीटकव्हरवाला शपथ घेऊन सांगत असतो की माझ्या शिलाईतून थेंब येणार नाही. बहुतेक वेळा सीटकव्हरवाला खरं बोलत असतो.

उघडणाऱ्या छताची गाडी सगळं पाणी बाहेरच अडवायला बांधलेली नसते. कौलारू घराला असते तशी एक पन्हळ हूडच्या मागच्या कडेखाली दडलेली असते, रबराची किंवा प्लॅस्टिकची. हूडवरून ओघळलेलं पाणी तिच्यात पडतं, दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या आसपास जमिनीवर सुटतं. दारांचंही तसंच. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दाराच्या पोटात शिरणारच, ते तळाच्या भोकांतून निघून जावं अशी सोय केलेली असते. पाणी आत येणार हे बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं आहे. बिघडते ती त्याची बाहेर जायची वाट. म्हणून शोध घेताना आधी निचरा, मग काचा, मग बीडिंग आणि सगळ्यात शेवटी शिवण. लोक नेमके उलट्या टोकानं सुरू करतात, कारण हूड डोळ्यांसमोर असतं आणि नळी दिसत नाही.

आपल्याकडे हे जास्त नडतं त्याला पावसाचं मानही कारण आहे. लंडनला वर्षभरात साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात त्याहून थोडा जास्त, पण तो बराचसा चार महिन्यांत. महाबळेश्वरला 5500 च्या पुढे. आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं एका दिवसात 944 मिलिमीटर मोजला होता. निचऱ्याची नळी जेमतेम बोटाएवढी. ती अर्धी तुंबली तर तिकडच्या रिमझिमीत कोणाला कळणारही नाही. आपल्या एका सरीत पन्हळ काठोकाठ भरते आणि पाणी आतल्या बाजूला उलटतं.

सॉफ्ट-टॉप म्हणजे आपल्याकडे दोन जाती. एक जीपवाली: जुनी कॅनव्हासची जीप, जिप्सी, आणि 2020 च्या ऑक्टोबरात नवी थार आली तेव्हा तिच्यासोबत आलेलं सॉफ्ट-टॉप. दुसरी बटण दाबल्यावर छत मिटणारी: मिनी कन्व्हर्टिबल, ऑडीची ए3 कॅब्रिओले, बीएमडब्ल्यूची झेड4 वगैरे, ज्या आता सेकंड हँड बाजारात बऱ्यापैकी फिरतात. पन्हळीचं आणि काचांचं जे खाली लिहिलंय ते मुख्यतः दुसऱ्या जातीसाठी. जीपवाल्यांसाठी पुढे वेगळं आहे, पण दाराचं पॅड (दाराच्या आतल्या बाजूचं आवरण), एसी आणि वाळवणं हे सगळ्यांनाच लागू.

पाणी नक्की कुठं आहे?

ओलं कार्पेट दिसलं की लगेच पुसू नका. आधी चारही पायजागांत हात दाबून बघा, सीटच्या मागे बघा, डिकीतलं स्टेपनीचं खोलगट भांडं बघा. पाणी ज्या जागी साचतं तिथूनच ते आलेलं असतं असं नाही. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असेल तर मागचं पाणी पुढे येतं. म्हणून सपाट जागेवर उभ्या गाडीत काय दिसतं तेच धरायचं.

सीटच्या मागे किंवा डिकीत पाणी म्हणजे बहुधा हूडची पन्हळ. दाराच्या उंबऱ्याला लागून कार्पेटची कडच भिजली असेल तर दाराचं पॅड किंवा काच. पुढच्या डाव्या पायाजवळ पाणी, आणि तेही कोरड्या दिवशी, म्हणजे एसी. गाडी उभी असताना काही नाही पण हायवेला गुडघ्यावर थेंब पडतात, म्हणजे समोरच्या काचेच्या वरची फ्रेम; वेगात वारा पाणी काचेवरून वर ढकलतो आणि हूडच्या पुढच्या रबराखाली घुसवतो.

कानही वापरा. ब्रेक मारला किंवा वळण घेतलं की दाराखालून खळखळ आवाज येतो का? तसा आला तर पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, अडकलंय. हा आवाज ऐकूनही महिनाभर गाडी चालवणारे लोक मी बघितलेत. ते पाणी आतून पत्रा खातं आणि बाहेरून रंगाला फोड येईपर्यंत काही दिसत नाही. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाकडे माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्यांतली गाडी असेल तर त्यांना हे पाठ असेल. तिच्या नळ्या सीटबेल्टच्या खांबापाशी खाली उतरतात, पानांनी तुंबल्या की पाणी सिलकडे वळतं, आणि गंजलेलं सिल घेऊन गाडी तिथल्या वार्षिक तपासणीत नापास होते.

नळ्या

छत अर्ध्यावर उघडून थांबवा, म्हणजे मागची कड उचललेली राहील. काही गाड्यांत त्यासाठी हूडचं मागचं आवरण हातानं वर धरावं लागतं. छत हायड्रॉलिक असेल तर अर्धवट अवस्थेत ते हळूहळू खाली बसू शकतं, तेव्हा हात आत घालण्यापूर्वी लाकडाचा ठोकळा किंवा दुसरा माणूस आधाराला हवाच.

टॉर्च मारून कोपऱ्यात बघितलं की काय दिसतं? पुण्यात तरी ठरलेला ऐवज: गुलमोहराच्या बारीक पात्या, चिंचेचा पाला, कडुनिंबाच्या काड्या, आणि हे सगळं धुळीत कालवून तयार झालेला काळा लगदा. मोठं पान, म्हणजे पिंपळाचं किंवा बदामाचं, नळीच्या तोंडावर आडवं पडतं आणि हातानं उचलता येतं. खरा घात करतो तो बारीक पाला. तो थेट नळीत उतरतो, पहिल्या वळणावर थांबतो आणि त्याच्यावर धूळ बसत जाते. चिंचेखाली सावली बघून गाडी लावणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा हा कोपरा बघायलाच हवा. कोकणात समुद्राकाठी सुरूच्या काड्यांचं तेच.

खालच्या तोंडाकडे आणखी एक पाहुणी असते: कुंभारीण माशी. बोटाएवढं कोरडं भोक तिला घरट्यासाठी फार पसंत. उन्हाळाभर गाडी उभी असली की नळीचं खालचं टोक चिखलानं लिंपलेलं मिळतं. आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर नळी कुरतडलेलीही मिळू शकते. मग कितीही साफ करा, पाणी अध्येमध्येच गळणार.

साफ कशानं करायचं, हा महत्त्वाचा भाग आहे. गॅरेजमध्ये गाडी नेली की पहिला उपाय म्हणजे हवेचा पाइप लावून फुस्स करणं. ते करू देऊ नका. नळी वर पन्हळीला नुसती दाबून बसवलेली असते. जोराच्या हवेनं ती आतल्या आत निसटते, आणि मग पन्हळीतलं सगळं पाणी थेट बॉडीच्या पोकळीत. वरून मात्र सगळं स्वच्छ दिसतं. तारही नको, ती नळी फाडते. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती उत्तम. टोक मेणबत्तीवर धरून गोल करून घ्या, म्हणजे बोचणार नाही. आधी वरचा लगदा चमच्यानं किंवा हातानं काढून घ्या, नाहीतर तोच आत ढकलला जाईल. मग दोरी फिरवत फिरवत सावकाश उतरवा. अडली तर जोर लावू नका. थोडं कोमट पाणी ओता, दहा मिनिटं लगदा भिजू द्या, पुन्हा फिरवा. खालच्या टोकाला रबराचं चपटं तोंड असेल तर ते बोटांनी चिमटीत दाबून मोकळं करा, त्यात चिखल बसतो.

मग परीक्षा. अर्धा लिटर पाणी सावकाश एका कोपऱ्यात ओता आणि गाडीखाली वाकून बघा. दुसऱ्या बाजूला तितकंच ओता. दोन्हीकडची धार जवळपास सारखी पडायला हवी. पाणी वर थांबलं तर अजून तुंबलंय. पाणी वरून निघून गेलं पण खाली पडलंच नाही, तर लगेच ओतणं थांबवा. नळी निसटलीये किंवा फाटलीये आणि तुम्ही गाडीच्या पोटात पाणी भरताय. नळी दुरुस्त करायचं काम सीटच्या मागचं पॅनेल काढून करावं लागतं, आणि ते एखाद्या शांत डोक्याच्या फिटरकडूनच करून घ्यावं.

पहिल्या पिढीची झेड4 घेणाऱ्यांसाठी खास सूचना: तिच्या छताची मोटर निचऱ्याच्या खळग्यात, अगदी तळाशी बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडते आणि छत हलायचं थांबतं. सेकंड हँड गाडी बघायला गेलात आणि मालक म्हणाला, "छत जरा अडकतंय, बाकी गाडी एक नंबर आहे," तर आधी तो खळगा बघा.

काच वर जाऊन बसते का?

अशा गाड्यांच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच आपोआप सेंटिमीटरभर खाली येते आणि दार लागल्यावर वर जाऊन रबरात घुसते. किती वर जायचं हे गाडीच्या स्मृतीत साठवलेलं असतं. बॅटरी बदलली किंवा पूर्ण उतरली की बऱ्याच गाड्यांत ही आठवण पुसली जाते. काच वर गेलेली दिसते, पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राहून जातात. मालक म्हणतो, "कालपर्यंत ठीक होतं हो!" बॅटरी कधी बदलली विचारलं की उत्तर येतं, "परवाच."

उपाय फुकट आहे. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली घेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, मग पूर्ण वर घेऊन तसंच धरून ठेवायचं. तुमच्या गाडीचा नेमका क्रम मॅन्युअलमध्ये असतो, तोच पाळा.

त्यानंतरही शंका असेल तर काचेच्या वरच्या कडेला शाळेतला खडू फिरवा, दार लावा, पुन्हा उघडा. रबरावर सलग पांढरी रेघ उठली पाहिजे. जिथे रेघ तुटली तिथे काच टेकत नाही. दुसरी रीत नोटेची: दहाची नोट रबरात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे थोडी ओढ लागली पाहिजे. जिथे नोट अलगद निसटते ती जागा ढिली. आरशामागचा कोपरा आणि काचेचा मागचा वरचा कोपरा, म्हणजे जिथे दाराचं रबर हूडच्या रबराला भेटतं, या दोन जागा पहिल्यांदा ढिल्या होतात.

रबर अजून मऊ असेल तर बदलायची घाई नको. ओल्या फडक्यानं पुसा, वाळवा आणि सिलिकॉनचं ग्रीस किंवा स्प्रे फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल, व्हॅसलीन, डिझेलचा हात हे घरगुती प्रयोग रबराला फुगवतात आणि पुढच्या वर्षी ते लोंबू लागतं.

दाराच्या पॅडमागचं प्लॅस्टिक

गाडी घेतल्यावर पहिली हौस स्पीकरची. स्पीकर बसवणारा पोरगा दाराचं पॅड काढतो, आतलं चिकट कडांचं प्लॅस्टिक मध्ये येतं म्हणून ब्लेडनं कापतो, स्पीकर बसवतो, पॅड लावतो. गाणं झकास वाजतं. पण ते प्लॅस्टिक दाराच्या पोटातलं पाणी आणि गाडीची आतली बाजू यांच्यामधला एकमेव पडदा होता. आता काचेवरून उतरलेलं पाणी पॅडच्या मागून थेट उंबऱ्यावर येतं. ही गळती हूडच्या नावावर खपते आणि वर्षानुवर्षं सापडत नाही. पॅड काढून बघा. प्लॅस्टिक फाटलेलं असेल तर जाड प्लॅस्टिकचा नवा तुकडा कापून काळ्या ब्युटाइल टेपनं चिकटवा. खालची कड दाराच्या आत वळवा, बाहेर नको, म्हणजे ओघळ आतच पडेल. दाराच्या तळाची भोकंही लगेच काडीनं मोकळी करून घ्या. गाडीच्या तळाला गंजरोधक लेप (अंडरकोटिंग) मारताना ती हमखास बुजवली जातात.

एसीचं थोडक्यात. एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडायलाच हवेत. दमट हवेत तासभर चालवूनही पडत नसतील आणि डावी पायजागा ओली असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलीये. एसी मेकॅनिक दहा मिनिटांत ती मोकळी करतो. समोरच्या काचेखालच्या जाळीतला पाला काढणं हे मात्र तुमचं काम, कारण तिथलं साठलेलं पाणीही पंख्याच्या वाटेनं आत येतं.

जीपवाल्यांसाठी

कॅनव्हासच्या हूडला पन्हळ-बिन्हळ नसते, त्यामुळे इथे खेळ ताणाचा. कापड ताणलेलं असेल तर पाणी घसरतं. सैल असेल तर हूड पेलणाऱ्या दोन कमानींच्या मध्ये पोट सुटतं, त्यात पाणी साठतं आणि पहिल्या ब्रेकला सगळं समोरच्या काचेवर. म्हणून पट्टे रोज ओढायचे. बाजूच्या खिडक्यांच्या चेनमधून थोडं पाणी येणारच. चेनवर बाहेरून पडणारी कापडाची झडप नीट बसवली की ते बरंच थांबतं. झडपेचं वेल्क्रो केसांनी आणि गवतानं भरलं असेल तर जुन्या टूथब्रशनं साफ करा.

आणि तळाची बुचं बघा. धुता येणाऱ्या फरशीला पाणी सोडायला रबरी बुचं असतात. मे महिन्यात गाडी धुताना काढलेलं बूच परत लावायचं राहून जातं, आणि जुलैत तुंबलेल्या रस्त्यातलं पाणी खालून वर येतं. असा माणूस हूडला शिव्या घालत असतो.

पाइप लावून बघणे

वरचं सगळं करूनही कळत नसेल तर दोन माणसं आणि एक बागेचा पाइप. गाडी आधी पूर्ण कोरडी हवी. आतल्या संशयित जागांवर टॅल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा ओघळ त्यात स्पष्ट वाट उमटवतो. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. पाइपाला नोझल लावू नका, नुसती सैल धार. खालून सुरुवात करा: आधी दाराचा तळ, मग काचेची खालची पट्टी, मग वरचं रबर, मग हूडची पुढची कड, शेवटी मागची. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं तरी थांबा. वरूनच सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळेल आणि काहीच कळणार नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं ही परीक्षा घेऊ नका. त्या दाबानं चांगल्या रबरातूनही पाणी जातं आणि कापडाची शिवण उसवते.

वाळवणं

गळती बंद झाली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. कार्पेटच्या खाली जाड फोम किंवा फेल्ट असतं आणि ते अनेक लिटर पाणी पिऊन बसतं. वरून हात लावला तर कोरडं, मुठीनं दाबलं तर पाणी वर येतं. आपल्याकडे त्यावर आणखी एक संकट: शोरूममध्ये गाडी घेताना हौसेनं टाकून घेतलेलं रेक्झिनचं फ्लोअर लॅमिनेशन. त्याच्या खाली ओल महिनोन् महिने राहते. सॉफ्ट-टॉप गाडीत ते लॅमिनेशन टाकूच नये असं माझं ठाम मत आहे. असेल तर या निमित्तानं कायमचं काढा.

बुरशीला दोन दिवस पुरतात, म्हणून टाळाटाळ नको. सीटचे बोल्ट काढून कार्पेट उचलावं लागेल. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते सुटलेले असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागून बसतो. (आणि हो, बॅटरी जोडल्यावर काचांची ती वरची कसरत पुन्हा.) ओलं ओढणारा व्हॅक्यूम वॉशिंग सेंटरवर असतो, त्यानं शक्य तितकं पाणी काढा. मग कार्पेट उचलून खाली ठोकळे ठेवा आणि टेबल फॅनचा झोत त्या फटीत सोडा. फोममध्ये वर्तमानपत्रांच्या घड्या दाबून दर काही तासांनी बदलल्या की ओल झपाट्यानं उतरते. खालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. छताचं बटण कधी चालतं कधी नाही, याचं मूळ तिथे सापडतं.

आषाढात बाहेरची हवाच इतकी ओली असते की काचा उघड्या ठेवून काही वाळत नाही. कार्पेट, सीटा परत बसवल्यावर उरलेल्या ओलीसाठी काचा बंद करून, एसी लावून, हवा गरमकडे फिरवून गाडी हायवेला तासभर चालवा. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, आणि गरम हवा कार्पेटमधून आणखी ओढते. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हा प्रयोग करू नका, धूर जिवावर बेतू शकतो.

वासासाठी पांढरं व्हिनेगर अर्ध्या पाण्यात मिसळून बुरशीच्या डागावर फडक्यानं लावा आणि ऊन मिळताच छत उघडून ठेवा. अत्तराच्या बाटल्या आणि कापूर नुसता वास झाकतात. ओल शोषायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात ठीक आहेत, गाडीत नकोत: त्यात जमलेलं खारं पाणी एका वळणावर सांडलं तर पत्रा आणि वायरिंग दोन्हीची वाट लागते.

सिलिकॉन आणि ताडपत्री

सिलिकॉनबद्दल लोकांशी भांडून दमलो. हलणाऱ्या सांध्यात भरलेलं सिलिकॉन छत दोनदा उघडलं की सुटतं, पण त्याआधी निचऱ्याचं तोंड बुजवून जातं. वर नंतर तिथे नवं रबरही नीट चिकटत नाही. ते फक्त न हलणाऱ्या जागी, आणि तेही गळती नक्की सापडल्यावर.

ताडपत्री हूडवर थेट टाकून दोरीनं आवळली तर वाऱ्यानं ती फडफडत राहते आणि कापड घासून काढते. खाली अडकलेली वाफ बुरशी वाढवते. छप्पर नसेल तर बांबूचा साधा सांगाडा करा आणि ताडपत्री हूडपासून वीतभर वर ताणा, चारही बाजू मोकळ्या. कोकणात कोणालाही सांगा, अर्ध्या दिवसात करून देतात.

ओलं हूड मिटून ठेवायचं नाही. नाइलाजानं मिटावं लागलं तर घरी पोहोचताच पुन्हा ताणून लावा. घडीत राहिलेल्या ओलीचे डाग नंतर निघत नाहीत.

कापड खरंच गेलंय का?

बटणवाल्या गाड्यांचं चांगलं कापड तीन थरांचं असतं: बाहेर विणलेलं कापड, मध्ये रबराचा पातळ थर, आत अस्तर. पाणी अडवतो तो मधला थर. म्हणून बाहेरचं कापड भिजून काळपट दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. बाहेरचा लेप उडालाय एवढंच. मऊ ब्रश, सौम्य शाम्पू, भरपूर पाणी, पूर्ण वाळवणं आणि मग कापडी हूडसाठी मिळणारा वॉटरप्रूफिंग स्प्रे. हे काम मे महिन्याचं किंवा ऑक्टोबरच्या उन्हाचं. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत मारलेला स्प्रे वाया जातो. घड्यांच्या जागी अस्तरातून उजेड दिसू लागला असेल, तर मात्र मधला थर तुटलाय आणि कापड बदलायला झालंय.

नवं हूड शिवायला देताना तीन गोष्टी बोलून घ्या. दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती नको. शिवणीची घडी अशी हवी की वरच्या कापडाची कड खालच्यावर येईल आणि पाणी तिच्यावरून उतरेल. आणि मापाला जुनं हूड नुसतं आडवं अंथरून चालणार नाही, कारण ते ताणून मोठं झालेलं असतं. गाडीवर चढवून माप घ्यायला सांगा. काम झालं की पैसे देण्याआधी दुकानाबाहेरच दहा मिनिटं पाइप धरा. कारागीर खमक्या असेल तर तो स्वतःच पाइप आणून देतो.